खताच्या गोणीचें त्रैराशिक

धानाची गाडी विक्रीस निघाली म्हणजे शेतकरी किती सावध असतो, हें आपण सर्वच जाणतों. काट्यावर गोणी चढली कीं त्याची नजर काट्यावरून ढळत नाहीं. ओलावा किती धरला, बारदानाचें वजन किती वजा केलें, हें तो खोदून विचारतो; आणि किलोदोन किलोंचा फरक दिसला तर तंट्यासहि उभा राहतो. हें योग्यच होय. परंतु तोच शेतकरी खत विकत घेण्यास निघाला म्हणजे ही सारी दक्षता घरीं ठेवून जातो. “एकराला दोन गोण्या” एवढाच त्याचा हिशेब. गोणींत पिकाच्या उपयोगाचें द्रव्य किती, त्यांतील पिकानें किती उचललें आणि बाकीचें कोठें गेलें, हें तो विचारीत नाहीं. आणि विचारल्यावांचून कोणी सांगतहि नाहीं. विकतांना किलोचा आणि घेतांना गोणीचा हिशेब ठेवणें हा आपल्या धंद्यांतील मोठा दोष आहे. तो दूर करण्यास जें गणित लागतें तें आपण प्राथमिक शाळेंतच शिकलों आहों. हें आमचें मत वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आपल्या मोहाडी तालुक्यांतच वरठी येथें लोखंड-पोलादाचा मोठा कारखाना आहे. भंडारा रोड स्टेशनावर उतरणारास तो माहीत आहेच. अशा कारखान्यांत लोखंडाचा तांबडा दगड, कोळसा व चुनखडी हीं सर्व मोजून घालतात, आणि किती लोखंड निघेल याचा हिशेब आधीं करतात. तो हिशेब कसा होतो तें पाहण्याजोगें आहे. हेमॅटाइट नांवाच्या या दगडांत लोखंडाच्या दोन अणूंबरोबर प्राणवायूचे तीन अणु जखडलेले असतात. लोखंडाच्या अणूचा भार ५६ व प्राणवायूच्या अणूचा १६ मानला आहे. म्हणजे ११२ भाग लोखंड आणि ४८ भाग प्राणवायु मिळून १६० भाग दगड झाला. हा प्राणवायु काढून घेण्याचें काम भट्टींत कोळशापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड वायु करतो. १६० किलो दगडास तो ८४ किलो लागतो, आणि शेवटीं ११२ किलो लोखंड व १३२ किलो कार्बन डायॉक्साइड निघतो. घातलें तें २४४ किलो, निघालें तेंहि २४४ किलो. शंभर किलो शुद्ध दगडांत लोखंड ७० किलोच. कोणत्याहि कारागिराचें कौशल्य त्यांतून एकाहत्तरावा किलो काढूं शकत नाहीं.

हा नियम कोणा कारखानदाराचा नव्हे, सृष्टीचा आहे. फ्रान्समधील लाव्हाझिए या शास्त्रज्ञानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तो स्पष्टपणें मांडला: रासायनिक क्रियेंत पदार्थाचें रूप बदलतें, वजन नाहींसें होत नाहीं. हा गृहस्थ नुसता प्रयोगशाळेंत बसणारा नव्हता, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १७७८ सालीं त्यानें फ्रेशीन येथें जमीन घेतली आणि तेथें अनेक वर्षें शेतीचे प्रयोग करून पिकांचा व खताचा हिशेब ठेवला. पुढें १७९२ सालीं जर्मनींतील रिख्टर यानें निरनिराळीं द्रव्यें कोणत्या वजनाच्या प्रमाणांत संयोग पावतात याचा स्वतंत्र अभ्यास करून त्या शाखेस नांव दिलें. रसायनाचे विद्यार्थी आज जें गणित घोकतात तें हेंच.

येथें एक शंका येण्याचा संभव आहे. आपलें भंडारा शहर पितळी भांड्यांसाठीं पूर्वीपासून नांवाजलेलें. पितळेंत तांबें किती व जस्त किती घालावें हें कारागीर आपल्या इच्छेप्रमाणें ठरवितो. मग खतांतील द्रव्यांचेंच प्रमाण ठरलेलें कां? याचें उत्तर असें कीं पितळ हें मिश्रण आहे, आणि यूरिया किंवा जस्ताचें सल्फेट हें संयुग आहे. मिश्रणाचें प्रमाण माणूस ठरवितो, संयुगाचें प्रमाण निसर्ग ठरवितो. म्हणूनच संयुगाचा हिशेब करतां येतो, आणि म्हणूनच त्यांत कोणास लबाडी करतां येत नाहीं.

या हिशेबास लागणारें साधन म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत तें सांगितलें आहे, आणि आपल्या वाडवडिलांनीं तें पाटीवर गिरवलें आहे. इतक्यास इतकें, तर इतक्यास किती? यापलीकडे कांहींहि लागत नाहीं. तें आतां खताच्या गोणीस लावून पाहूं.

यूरियाच्या एका रेणूंत कर्बाचा एक, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन व उज्जवायूचे चार अणु असतात. भार अनुक्रमें १२, १६, १४ व १ धरले तर १२ आणि १६ आणि २८ आणि ४ मिळून ६० होतात. साठांत नत्र अठ्ठावीस, तर शंभरांत किती? ४६ व कांहीं अंश. सरकारी नियमानें गोणीवर शेंकडा ४६ असें छापतात तें येथून आलें. २०१८ पासून यूरियाची गोणी ५० ऐवजीं ४५ किलोंची आहे. म्हणजे एका गोणींत नत्र २० किलो ७०० ग्रॅम. पूर्वींच्या गोणींत तें २३ किलो होतें. जो शेतकरी आजहि “दोन गोण्या” म्हणून पूर्वींचीच मात्रा देत आहों असें समजतो, तो एकरीं साडेचार किलोंहून अधिक नत्र कमी देत आहे. त्याच्या जमिनीस तें कमी पडत असेल किंवा नसेलहि. परंतु त्याला स्वतःला तें ठाऊक नाहीं, ही खरी अडचण आहे.

स्फुरद व पालाश यांच्या बाबतींत आणखी एक खुबी आहे. गोणीवर छापलेला स्फुरदाचा आंकडा शुद्ध स्फुरदाचा नसून प्राणवायूसह असलेल्या स्फुरदाचा असतो. त्या १४२ भागांत खरें स्फुरद ६२ भागच, म्हणजे शेंकडा ४४ च्या आंत. पालाशाचेंहि तसेंच, तेथें शेंकडा ८३ खरें. ही जुनी रूढि आहे, फसवणूक नव्हे. शिफारशीहि त्याच रूढीनें सांगितल्या जातात, त्यामुळें व्यवहारांत अडचण येत नाहीं. परंतु परदेशीं पुस्तकांतील किंवा एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालांतील आंकडा गोणीवरील आंकड्याशीं ताडून पाहतांना हें विसरतां कामा नये.

आतां एका एकराचा हिशेब मांडूं. धानास हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही मात्रा नेहमीं सांगितली जाते. जमिनीच्या तपासणीप्रमाणें ती कमीअधिक करावी लागते. परंतु उदाहरणास ती चालेल. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर एकरीं अनुक्रमें ४०, २० व २० किलो झाले. डी. ए. पी. मध्यें स्फुरद शेंकडा ४६ व नत्र शेंकडा १८ असतें. २० किलो स्फुरदासाठीं तें साडेत्रेचाळीस किलो लागेल, म्हणजे ५० किलोंची एक गोणीहि पुरती नव्हे. त्याबरोबर पावणेआठ किलोंच्या वर नत्र येईल. उरलेल्या सव्वाबत्तीस किलो नत्रासाठीं यूरिया ७० किलो, म्हणजे दीड गोणीच्या किंचित् वर. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्यें पालाश शेंकडा ६०. तें सव्वातेहतीस किलो लागेल.

आमच्या भागांत पुष्कळ ठिकाणीं प्रत्यक्ष काय होतें? एकरास डी. ए. पी. च्या दोन गोण्या व यूरियाच्या दोन गोण्या, आणि पोटॅश मुळींच नाहीं. त्रैराशिक करा. नत्र ५९ किलो पडलें, हवें होतें ४०. स्फुरद ४६ किलो पडलें, हवें होतें २०. पालाश शून्य. आतां हें पैशांत पाहूं. २०२४ सालीं यूरियाची गोणी सुमारें २६६ रुपयांस व डी. ए. पी. ची गोणी १,३५० रुपयांस मिळत होती. या भावानें यूरियांतील नत्र किलोस सुमारें १३ रुपयांस पडतें. डी. ए. पी. मधील ९ किलो नत्राची तितकीच किंमत वजा केली तर त्यांतील स्फुरद किलोस सुमारें ५४ रुपयांस पडतें. तेव्हां जास्तीच्या २६ किलो स्फुरदाचे चौदाशें रुपये आणि जास्तीच्या १९ किलो नत्राचे अडीचशें रुपये, असे एका एकरामागें सुमारें सोळाशें रुपये अनावश्यक खतांत गेले. तेवढ्यांत लागणारें पोटॅश येऊन कांहीं रक्कम हातांत उरली असती.

पालाश न देण्याचें समर्थन कित्येक असें करतात कीं आपल्या काळ्या-पिवळ्या जमिनींत तें पुरेसें आहे. असेल, परंतु धान जो पालाश उचलतें त्याचा मोठा भाग दाण्यांत न राहतां तणसांत राहतो. तणस गोठ्यांत जाऊन शेणखताच्या रूपानें त्याच बांधींत परत येत असेल तर हिशेब बराच जुळतो. तणस विकलें किंवा बांधींतून बाहेर गेलें, तर त्याबरोबर पालाशहि गेला, आणि तो कोणत्या तरी रूपानें परत आणावाच लागेल. शेणखताचाहि हिशेब वजनानेंच करावा. चांगल्या कुजलेल्या शेणखतांत नत्र साधारणतः शेंकडा अर्धा असतें. म्हणजे एका टनांत ५ किलो, सुमारें ११ किलो यूरियाइतकें. तें सावकाश मिळतें, आणि त्याबरोबर इतर अनेक द्रव्यें व जमिनीचा पोत सुधारणारा भाग येतो, हा वेगळा लाभ.

गोणी बांधींत पडली म्हणजे हिशेब संपला, असेंहि नाहीं. खरी रासायनिक क्रिया तेथूनच सुरू होते. मातींतील यूरिएझ नांवाच्या द्रव्याच्या योगानें यूरिया पाण्याशीं संयोग पावून त्याचा अमोनिया व कार्बन डायॉक्साइड होतो. ६० भाग यूरियास १८ भाग पाणी लागतें, आणि ३४ भाग अमोनिया व ४४ भाग कार्बन डायॉक्साइड होतो. यूरिया शुद्ध धरल्यास एका ४५ किलोंच्या गोणीपासून साडेपंचवीस किलो अमोनिया तयार होतो, आणि गोणींतील सारें नत्र त्या अमोनियांत असतें. अमोनिया हा मूळचा वायु. साचलेल्या पाण्यावर यूरिया फेंकला आणि ऊन व वारा असला, तर त्याचा एक भाग हवेंत उडून जातो. कांहीं भाग मातींत नायट्रेट होऊन पुढें शुद्ध नत्रवायूच्या रूपानें निसटतो, आणि कांहीं पाण्याबरोबर धुऱ्यावरून वाहून बोडींत व तलावांत उतरतो. पाणी भरलेल्या धानाच्या शेतांत टाकलेल्या नत्रापैकीं पिकाच्या हातीं पुष्कळदां तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच लागतें. म्हणून बांधींतील पाणी काढून, चिखलावर, दोनतीन हप्त्यांनीं यूरिया द्यावा असें जें सांगतात, तें वजनाच्याच हिशेबाचें सांगणें आहे. चाळीस किलोंतील पंचवीस किलो गमावण्यापेक्षां पंधरा गमावले तर दहा किलो नत्र फुकट मिळालें. एवढें नत्र जवळ जवळ अर्ध्या गोणींत असतें.

आतां दुसरा मुद्दा. कोणत्याहि क्रियेंत जें द्रव्य सर्वांत कमी पडतें, तें संपलें कीं क्रिया थांबते. बाकीचीं कितीहि शिल्लक असोत. रोवणीच्या दिवसांचा अनुभव आठवावा. परहे चार एकरांचे आहेत, रोवणाऱ्या बाया चार एकरांच्या आहेत, परंतु चिखल दोनच एकरांचा झाला; तर रोवणी दोनच एकर होणार. परह्यांच्या पेंढ्या वाढवून ती वाढत नाहीं. पिकाच्या पोषणांतहि हाच नियम चालतो. कार्ल स्प्रेंगेल यानें १८२८ सालीं तो मांडला व लीबिग यानें पुढें प्रसिद्धीस आणला.

याचें धानांतील उदाहरण म्हणजे खैरा. रोवणीनंतर दोनतीन आठवड्यांनीं पानें पिवळसर पडून त्यांवर काताच्या रंगाचे ठिपके येतात व रोप खुंटतें. हा रोग समजून लोक औषधें मारीत होते. पंतनगर येथील यशवंत लक्ष्मण नेने यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें कीं हा कीड-बुरशीचा रोग नसून जस्ताची उणीव आहे. अशा बांधींत यूरियाच्या आणखी दोन गोण्या टाकणें म्हणजे चिखल नसतांना परह्यांच्या पेंढ्या वाढविणें होय.

जस्ताचें सल्फेट घेतांना पुन्हां वजन पाहावें लागतें, कारण तें दोन प्रकारचें मिळतें. एकांत दर रेणूबरोबर पाण्याचे सात रेणु बांधलेले असतात, त्याचा भार २८७. दुसऱ्यांत पाण्याचा एकच, त्याचा भार १७९. जस्त दोहोंतहि ६५ भागच. म्हणून पहिल्याच्या पिशवीवर जस्त शेंकडा २१ व दुसऱ्याच्या पिशवीवर शेंकडा ३३ असें लिहिलेलें असतें. पहिलें एकरीं १० किलो द्यावयाचें असेल तर तेवढेंच जस्त दुसऱ्याच्या ६ किलो ४०० ग्रॅममध्यें मिळतें. दुसरें महाग म्हणून जो तें नाकारतो, त्यानें आधीं जस्ताच्या किलोचा भाव काढावा. पहिल्या पिशवींत तो जवळ जवळ निम्मा पैसा बांधलेल्या पाण्याचा देत असेल.

या जस्ताबाबत आम्हीं स्वतः जी चूक केली ती सांगण्यास संकोच वाटत नाहीं. मजुरी वांचावी म्हणून एका हंगामांत आम्हीं डी. ए. पी. व जस्ताचें सल्फेट एकाच घमेल्यांत कालवून फेंकलें. खैरा हटला नाहीं. “खतच नकली” असा बोभाटा आम्हीं कांहीं दिवस केला. परंतु पुढें कागदावर हिशेब मांडला तेव्हां लाज वाटली. जस्त व स्फुरद यांचा संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारें जस्ताचें फॉस्फेट बनतें. त्यांत १९६ भाग जस्तास गोणीवरच्या रूढीचें १४२ भाग स्फुरद पुरतें. १० किलो जस्त-सल्फेटांतील २ किलो १०० ग्रॅम जस्त जखडून टाकण्यास दीड किलो स्फुरद पुरे, आणि आम्हीं तर डी. ए. पी. च्या एका गोणींतून २३ किलो, म्हणजे पंधरापट, त्याच्या सोबतीस दिलें होतें! मातींत ही क्रिया पूर्णत्वास जाते असें नाहीं. परंतु विकत घेतलेलें जस्त शत्रूच्या छावणींत उतरविण्याचें कांहीं कारण नव्हतें. हीं दोन निराळीं व निराळ्या वेळीं द्यावीं. आणि स्फुरदाची गरज नसतां दोन दोन गोण्या देणारानें हेंहि ध्यानांत घ्यावें कीं तो आपल्याच हातानें जस्ताची टंचाई वाढवीत आहे.

या हिशेबाचा सर्वांत मोठा उपयोग आमच्या मतें नव्या मालाच्या परीक्षेंत आहे. २०२१ सालीं नॅनो यूरिया या नांवाचें द्रावण बाजारांत आलें. अर्ध्या लिटरची एक बाटली यूरियाच्या एका गोणीचें काम करते, असें त्याबद्दल सांगण्यांत आलें. बाटलीवर नत्र शेंकडा ४ असें लिहिलें होतें. त्रैराशिक करा: ५०० मिलिलिटरांत नत्र २० ग्रॅम. गोणींत तें २० किलो ७०० ग्रॅम, म्हणजे हजारपटीहून अधिक. समर्थक म्हणतात कीं गोणींतलें बहुतेक वायां जातें व बाटलींतलें पानांतून थेट आंत शिरतें. बरें, गोणींतलें दोनतृतीयांश वायां गेलें असें धरूं. तरी जवळ जवळ सात किलो पिकास मिळालें. बाटलींतलें कण न् कण पिकानें घेतलें असें धरूं. तरी मिळालें वीसच ग्रॅम. धानाच्या दाण्यांत नत्र शेंकडा एकाच्या किंचित् वर असतें. त्या मानानें वीस ग्रॅम नत्र दोन किलो धानाससुद्धां पुरत नाहीं. द्रावण पाचपट तीव्र केलें तरी शंभर ग्रॅमच होतील. उलट साधा यूरिया शंभर लिटर पाण्यांत दोन किलो विरघळवून फवारला, तर त्यांतून ९२० ग्रॅम नत्र पानांवर पडतें.

आम्ही असें म्हणत नाहीं कीं त्या बाटलीचा पिकावर कांहींच परिणाम होत नसेल. तो शेतांतील प्रयोगांनीं ठरवावयाचा प्रश्न आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं गोणी बंद करून बाटलीवर विसंबल्यास दाण्यांत येणारें नत्र कोठून तरी आलें पाहिजे, आणि तें बाटलींतून येऊं शकत नाहीं. तें जमिनीच्या सांठ्यांतून येतें. एकदोन वर्षें पीक तसेंच आलें, तर बाटलीनें तें पिकविलें असें नव्हे. जमिनीनें आपलें भांडवल खर्चीं घातलें असा त्याचा अर्थ. व्याज समजून मुद्दल खाणाऱ्या घराची गति काय होते, हें गांवांत कोणास सांगावयास नको.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं शेत म्हणजे कांहीं प्रयोगशाळेंतील भांडें नव्हे. तेथें पाऊस आहे, मातीचा पोत आहे, हवेंतील नत्र बांधणारे जीव आहेत. तेव्हां कागदावरचें गणित तेथें लागू पडणार नाहीं. आक्षेप खरा आहे, आणि गणित करणारानें तो नम्रपणें मान्य करावा. जमीन स्वतः किती देईल हें त्रैराशिक सांगत नाहीं. तें माती-परीक्षण, पिकाचा रंग व शेतकऱ्याचा अनुभव यांनींच कळतें. परंतु हें गणित मर्यादा सांगतें. अमुक गोणींतून यापेक्षां अधिक मिळणें अशक्य, एवढें तें निश्चित सांगतें. आणि बाजारांत जेव्हां अशक्य गोष्टींचीं वचनें विकलीं जातात, तेव्हां हें निश्चित ज्ञान सर्वांत मोलाचें असतें.

दुसरा आक्षेप असा कीं दोन गोण्या टाकल्या म्हणजे पीक हिरवेंगार दिसतें, मग गणित हवें कशास? हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. गरजेपेक्षां अधिक नत्रानें धान माजतें, लोळतें व त्यावर तुडतुडे येतात. मग त्यांवर औषधाचा खर्च. म्हणजे आधीं पैसे देऊन संकट आणावयाचें आणि पुन्हां पैसे देऊन घालवावयाचें.

तेव्हां आपल्या सभासदांपुढें व संस्थांच्या चालकांपुढें आम्ही पुढील सूचना ठेवतों. खत विकणाऱ्या प्रत्येक सहकारी संस्थेनें दुकानाच्या दर्शनीं भागीं एक फळा लावावा. त्यावर प्रत्येक गोणींत नत्र, स्फुरद व पालाश किती किलो, आणि त्या दिवसाच्या भावानें प्रत्येकाचा किलोस दर काय पडतो, हें खडूनें लिहावें. सल्ला देणाऱ्यांनीं “गोणी” हा शब्द सोडून किलोंत बोलावें. प्रत्येक सभासदानें वहींत दर बांधीस एक पान द्यावें. एका बाजूस शेणखत व खत काय गेलें, दुसऱ्या बाजूस धान व तणस काय बाहेर आलें, हें वजनानें लिहावें. गांवच्या शाळेंतील गुरुजींनीं त्रैराशिकाचीं उदाहरणें घालतांना आंबे व मजूर यांच्या जोडीस खताची गोणीहि घ्यावी, म्हणजे मुलगा घरीं येऊन बापाचा हिशेब तपासूं लागेल. आणि कोणीहि नवा माल घेऊन दारीं आला तर त्यास तीन प्रश्न विचारावे: यांत द्रव्य वजनानें किती? पीक उचलतें किती? आणि कमी पडेल तें कोठून येणार? या तिहींचीं उत्तरें जो देईल त्याचा माल घ्यावा कीं नाहीं याचा विचार करावा. जो देणार नाहीं त्यास पाणी पाजून निरोप द्यावा.

या सूचनांस पैसा लागत नाहीं. एक फळा, एक वही व थोडी चिकाटी लागते. वरठीच्या भट्टींत दगड मोजल्यावांचून जात नाहीं, कारण तेथें चूक झाली तर नुकसान कोणाचें हें लगेच कळतें. आपल्या बांधींतील चूक सावकाश कळते, आणि ती कळेपर्यंत जमीन निमूटपणें भरपाई करीत राहते. तिच्यावर हा भार किती वर्षें टाकावयाचा, हें येत्या रोवणीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें.

— एक सभासद शेतकरी, मोहाडी